गव्हर्नरांचा मुक्काम

मला आयुष्यात ज्या माणसाचा सर्वांत जास्त मत्सर वाटला, तो माझ्या जन्माच्या कितीतरी आधी अमेरिकेतल्या एका लहान गावात मरण पावला होता. तिथल्या एका राज्याचा तो गव्हर्नर होता. ते राज्य मला नकाशावर दाखवता आलं नसतं. माझ्या बायकोने नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्याला घरी आणलं, म्हणून मला त्याचे जिल्हे आणि नद्यासुद्धा पाठ झाल्या.

ती मानसोपचारतज्ज्ञ होती. ग्लासगोच्या हद्दीवर, जिथे बसचा शेवटचा स्टॉप होता, तिथल्या जुन्या दगडी मेंटल हॉस्पिटलात तिने पंचवीसहून जास्त वर्षं काढली. नवं शतक सुरू झालं तेव्हा ते हॉस्पिटल बंद होत होतं. पेशंटांना गावातल्या साध्या घरांत हलवत होते आणि एकेका वॉर्डाला कुलूप लागत होतं. ते बंद करायचं ठरवणाऱ्या कमिटीत ती स्वतः होती, आणि ते बंद व्हायलाच हवं, असं तिचं ठाम मत होतं. तरी त्या वर्षी ती घरी आली की कोट न काढता थोडा वेळ हॉलमध्ये उभी राहायची.

एके दिवशी तिने खिडकीतून पाहिलं, तर दोन माणसं स्टाफ लायब्ररीतली पुस्तकं बाहेरच्या स्किपमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीत, फेकत होती. ती तशीच खाली गेली आणि हाताला लागतील ती पुस्तकं दोन कॅरियर बॅगांत भरून घेऊन आली. बहुतेक भिजली होती. त्यात काळ्या कापडी बांधणीचा एक जाड खंड होता. त्यात एका अमेरिकन गव्हर्नराची भाषणं आणि राज्यातल्या वेड्यांच्या इस्पितळांवर त्याने लिहिलेला अहवाल होता. तो खंड तिने रेडिएटरवर वाळत घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता उघडला. माझ्या हिशेबाने ते पुस्तक तिने त्यानंतर बंद केलंच नाही.

हा गव्हर्नर मोच्याचा मुलगा. एका वकिलाच्या कचेरीत झाडलोट करत करत तो तिथलीच पुस्तकं वाचून वकिली शिकला. सरकारी वकील असताना त्याने पाहिलं, की तुरुंगात जागा उरली नाही की माणसाला वेडा ठरवून इस्पितळात पाठवतात, आणि इस्पितळात जागा उरली नाही की पुन्हा तुरुंगात. त्यावर त्याने निवडणूक लढवली आणि सगळ्यांना आश्चर्य वाटेल अशा रीतीने तो जिंकला. पदावर आल्यावर पहिल्या हिवाळ्यात, कोणाला न कळवता, राज्यातल्या सर्वांत मोठ्या इस्पितळात जाऊन उभा राहिला. तिथे दांडगाई करणाऱ्या पेशंटांना चामड्याचे पट्टे बांधून बसवायची एक लाकडी खुर्ची होती. त्याने अधीक्षकाला सांगितलं, मला हिच्यात बांधा. तासाभराने सोडा.

पुढे त्याने त्या खुर्च्या काढायला लावल्या. इस्पितळाचे अधीक्षक पक्षाच्या मर्जीने नेमायचे बंद करून परीक्षा घेऊन नेमायला सुरुवात केली. रेल्वे कंपन्यांनी आमदारांना वाटलेले फुकट पास परत करायला लावले आणि गिरण्यांत कामाला जाणाऱ्या लहान मुलांसाठी कायदा आणला. मग त्याने एका कैद्याला माफी दिली. तो निर्दोष आहे असं त्याला वाटत होतं, राज्याला वाटत नव्हतं. पुढची निवडणूक तो हरला.

हे सगळं मी पुस्तकांतून वाचलेलं नाही. जेवणाच्या टेबलावर ऐकलं आहे.

"अहो, आज त्याने पास परत केला," असं ती आमटी वाढताना म्हणायची, जणू तो माणूस शेजारच्या फ्लॅटमध्ये राहत होता.

"कोणी?"

"कोणी म्हणजे काय! गव्हर्नरने. आणि सोबत चिठ्ठी. 'मी तिकीट काढून उभा राहून प्रवास करीन.' काय माणूस आहे!"

लग्नाला पस्तीस वर्षं होत आली होती, आणि 'काय माणूस आहे' हे तिने माझ्याबद्दल कधी म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. माझ्याबद्दल ती 'यांना वाचायला आवडतं' एवढं म्हणायची.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी मराठीचा एम.ए. सांगलीला एका कॉलेजात शिकवत होतो. तिला स्कॉटलंडमध्ये नोकरी मिळाली आणि वर्षभराने मी तिच्यामागे आलो. इथे मराठीच्या लेक्चररला काम नव्हतं. मी लायब्ररीचा कोर्स केला आणि कौन्सिलच्या एका ब्रँच लायब्ररीत निवृत्त होईपर्यंत काउंटरच्या मागे होतो. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला माझी ओळख 'डॉक्टरीणबाईंचे मिस्टर' अशी व्हायची. मला त्याचं फार काही वाटत नसे, कारण मी एक पुस्तक लिहिणार होतो. मराठी गद्य कसं घडत गेलं त्यावर. त्याची टिपणं बुटांच्या खोक्यांमध्ये होती आणि खोकी वाढत होती. घरात लेखक कोण हा प्रश्न कधी निघाला असता तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. तिनेही ते तसंच धरलं होतं.

आणि गव्हर्नरला घरात रुजवायला मीच मदत केली. तिला पुढची पुस्तकं हवी होती, आणि लायब्ररीतल्या माणसाच्या बायकोला पुस्तकं कशी मिळतात हे तिला माहीत होतं. मी दर आठवड्याला इंटर-लायब्ररी लोनचे फॉर्म भरायचो. एडिनबरामधून, लंडनमधून, एकदा तर त्या राज्याच्या दप्तरखान्यातून झेरॉक्सचं पार्सल आलं. मी लायब्ररीतून ते आणायचो, ती दार उघडायची, आणि तिची नजर आधी माझ्या पिशवीकडे जायची. नवरा प्रियकराची पत्रं पोचवतो अशा गोष्टी आपण वाचतो आणि त्या नवऱ्याला मूर्ख म्हणतो. माझ्या बाबतीत फॉर्मवर सहीसुद्धा माझीच असायची.

त्या पार्सलातून त्याचा फोटो निघाला. रुंद कपाळ, मिशा, थकलेले डोळे, कॉलर जराशी वाकडी. तिने तो स्वयंपाकघरातल्या बोर्डवर, कचरा न्यायच्या दिवसांच्या कॅलेंडरशेजारी पिनने लावला. मी भांडी घासायला उभा राहिलो की तो माझ्याकडे बघायचा.

"याला इथे कशाला?" मी एकदा विचारलं.

"का? तुम्हाला त्रास देतो का तो?"

"मला कशाला त्रास देईल? मेलेला माणूस आहे."

"मग असू दे," ती म्हणाली, आणि हसली. "जेवायला तर मागत नाही."

ती लिहिते आहे हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. निवृत्तीनंतरही ती दर गुरुवारी एका क्लिनिकमध्ये जायची. उरलेले दिवस मागच्या खोलीत, निळ्या पुठ्ठ्याच्या मोठ्या वह्या घेऊन बसायची. मला वाटलं टिपणं काढत असेल. एकदा चहा द्यायला गेलो, तर वही मराठीत होती. तिने त्यावर हात ठेवला. झाकली असं म्हणता येणार नाही, नुसता हात ठेवला.

"काय लिहितेस?"

"असंच. याच्याबद्दल मराठीत काही नाही ना."

"दाखव की."

"दाखवते. आधी पूर्ण तर होऊ दे."

मी दार ओढून घेतलं. स्वयंपाकघरात परत आलो आणि बोर्डवरच्या माणसाकडे पाहिलं. मला त्या क्षणी काय वाटलं ते मी शब्दांत मांडायचं टाळत आलो आहे, पण आता टाळण्यात अर्थ नाही. ती त्याच्या प्रेमात आहे हे मला सोसलं असतं. ती पुस्तक लिहिते आहे हे सोसत नव्हतं. तीस वर्षं माझी खोकी वाढत होती, आणि जिने जन्मभर औषधांची नावं लिहिली तिला वह्यांमागून वह्या भरताना थांबावंसं वाटत नव्हतं.

मग मी त्याच्याबद्दल वाईट शोधायला लागलो. पुस्तकं माझ्याच हातून जात होती, त्यामुळे ती तिच्या आधी चाळायला मिळायची. तो हट्टी होता, मित्रांना पत्राने तोडायचा, स्वतःच्या भाषणांच्या प्रती जपून ठेवायचा. एका झेरॉक्समध्ये त्याच्या बायकोचं बहिणीला लिहिलेलं पत्र सापडलं. तिने लिहिलं होतं, की यांना राज्यातल्या प्रत्येक अनाथाचं नाव ठाऊक आहे, पण गेल्या रविवारी माझा ताप उतरला की नाही हे त्यांनी विचारलं नाही. मला फार बरं वाटलं. त्या बाईशी माझं जमलं असतं. ते पान मी पार्सलात सर्वांत वर ठेवलं.

संध्याकाळी ती म्हणाली, "त्याच्या बायकोचं पत्र वाचलं. बिचारी."

मी वाट पाहिली. तिने पोळीचा तुकडा मोडला आणि बराच वेळ हातात धरून बसली. मग म्हणाली, "अहो, तुमचा खोकला कसा आहे?"

मी बरा आहे म्हणालो. तेव्हा मला चीड आली होती, की हासुद्धा प्रश्न त्याच्या घरून फिरून माझ्यापर्यंत आला.

फेब्रुवारीत तिच्या पोटात दुखायला लागलं आणि एप्रिलमध्ये ती गेली. मधल्या आठवड्यांबद्दल मला लिहायचं नाही. एवढंच सांगतो, की शेवटच्या दिवसांत तिने वह्यांबद्दल एकदाच विषय काढला. "त्या मागच्या खोलीत आहेत," ती म्हणाली. "शेवटचं राहिलंय." मी म्हणालो, "मी बघतो." तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. त्या पाहण्याचा अर्थ मी पुढे वर्षभर लावत होतो, आणि मला सोयीचा असेल तो लावत होतो.

दिवस झाले, इंडियातून आलेली माणसं परत गेली, आणि एका ओल्या सकाळी मी वह्या उघडल्या. सात वह्या होत्या. मला धक्का बसला तो तिच्या पद्धतीचा. तिने गव्हर्नरचं चरित्र केसपेपरसारखं लिहिलं होतं. प्रत्येक प्रकरणाला तेच मथळे: तक्रार. पूर्वेतिहास. तपासणी. निदान. उपचार. कुठे गिरणीतल्या मुलांची तक्रार, कुठे विधिमंडळाची, कुठे गव्हर्नरच्या स्वतःच्या झोपेची. वाक्यं लहान, विशेषणं नाहीत, दोन-तीन ओळींवर परिच्छेद संपलेला. मला हायसं वाटलं. हे पुस्तक नव्हतं. हा कच्चा माल होता, आणि कच्च्या मालाला माणूस लागतो.

पुण्याच्या एका प्रकाशकांशी तिचा पत्रव्यवहार झाला होता. मी त्यांना फोन केला. ते फार आपुलकीने बोलले.

"बाईंनी दोन प्रकरणं पाठवली होती, सर. विषय उत्तम आहे. मांडणी जरा वेगळी आहे, नाही?"

"ती डॉक्टर होती," मी म्हणालो. "लिहायची सवय नव्हती."

"तेच. तुम्ही मराठीचे आहात म्हणाल्या होत्या. तुम्ही हात फिरवा ना. शेवटही पुरा करा. आपण सहलेखक म्हणून तुमचं नाव घालू. न्याय्यच आहे ते."

मी म्हणालो, विचार करतो. फोन ठेवला तेव्हा माझं मन मुखपृष्ठावर होतं. तिचं नाव वर, माझं खाली, किंवा एकाच ओळीत. मला सदुसष्टावं लागलं होतं. बुटांच्या खोक्यांतून काही निघणार नाही हे मला आतून कळलेलं होतं. हे एकच पुस्तक उरलं होतं, आणि ते माझ्यापुढे अर्धं वाढून ठेवलेलं होतं.

तो सबंध हिवाळा मी लिहीत होतो, आणि किती झालं ते प्रकाशकांना पत्राने कळवत होतो. आधी मथळे काढून टाकले. मग वाक्यं जोडली. जिथे तिने 'गव्हर्नर उठला' लिहिलं होतं तिथे तो का उठला, उठताना बाहेर काय ऋतू होता, त्याच्या मनात काय आलं असेल, ते मी घातलं. माझा हात सुटला. तीस वर्षांत असा सुटला नव्हता. शेवटच्या प्रकरणाची तिने फक्त सुरुवात केली होती. ते अख्खं मी लिहिलं, अकरा पानं: हरलेला माणूस गावी परततो, लहानशी वकिली करतो, इस्पितळातून आपलं माणूस घरी आणू पाहणाऱ्या गरीब कुटुंबांची कामं घेतो, आणि हिवाळ्यात मरतो. त्याच्या अंत्ययात्रेला इस्पितळातले काही जुने पेशंट गाडीत बसून येतात. लिहून झालं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. ते तिच्यासाठी होतं की त्याच्यासाठी, की माझ्या वाक्यांसाठी, ते मी तपासलं नाही.

मार्चमध्ये एका रविवारी दुपारी तिच्या हाताखाली काम केलेली एक डॉक्टर मुलगी मला भेटायला आली. ती नागपूरची. आता दुसऱ्या हॉस्पिटलात होती, पण महिन्यातून एकदा काहीतरी करून आणायची. त्या दिवशी डब्यात पुडाच्या वड्या होत्या.

"काका, मॅडमच्या पुस्तकाचं काय झालं?" तिने विचारलं.

मला कोणाला तरी दाखवायचंच होतं. मी फाइल तिच्या हातात दिली आणि चहा ठेवला. परत आलो तर ती सोफ्यावर पुढे वाकून वाचत होती. मी समोर बसून तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. चहावर साय धरली तरी तिने कपाला हात लावला नाही.

"काका, हे कोणी लिहिलंय?"

"तिचंच आहे. मी थोडं एडिट केलंय."

"थोडं?" तिने पान उलटलं. "'त्या क्षणी त्यांच्या अंतःकरणात करुणेचा महासागर उचंबळून आला.' काका, मॅडमनी हे ऐकलं असतं ना, तर म्हणाल्या असत्या, या पेशंटचं ब्लड प्रेशर बघा आधी."

मला हसू आलं, आणि त्याचाच राग आला. "तुला काय माहीत तिने काय लिहिलं होतं?"

"मला सगळं माहीत आहे ना! आम्ही ऐकलंय. दर गुरुवारी लंचला मॅडम वाचून दाखवायच्या. मी आणि ती केरळची सिस्टर. क्लिनिकच्या मागच्या रूममध्ये."

"सिस्टरला मराठी येते?"

"छे! एक शब्द नाही. मॅडम मध्येमध्ये इंग्लिशमध्ये सांगायच्या तिला. ती खुर्चीची गोष्ट तर आम्ही दोनदा वाचायला लावली. सिस्टर रडली होती. सँडविच हातात तसंच."

एका केरळच्या नर्सने, जिला मराठीचा एक शब्द येत नव्हता, तिने माझ्या बायकोचं पुस्तक तिच्या तोंडून ऐकलं होतं. मी भिंतीपलीकडे बसून मराठी गद्याची टिपणं काढत होतो.

"मला का नाही वाचून दाखवलं?" मी विचारलं. "काही म्हणाली होती का?"

"काका, जाऊ द्या ना."

"सांग."

तिने फाइल मिटून मांडीवर ठेवली. "राग नका येऊ देऊ. मॅडम म्हणायच्या, घरी आत्ता दाखवलं तर ते लाल पेन घेऊन बसतील. आणि मग ते इतकं चांगलं होईल, की मला पुढचं लिहिता येणार नाही."

तिला निरोप देताना मी नीट बोललो असेन असं वाटतं. वड्या छान झाल्यात म्हणालो.

ती मुलगी गेल्यावर मला कितीतरी वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली, जी मी विसरलो नव्हतो, फक्त चुकीच्या कप्प्यात ठेवली होती. मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेसाठी माझ्या बायकोने एकदा मानसिक आजारांवर एक लेख लिहिला होता. मी तो तपासून दिला. जवळजवळ प्रत्येक ओळीवर लाल शाई होती. लेख छापून आला, लोकांनी कौतुक केलं. हॉलमध्ये समोशांच्या रांगेत एक बाई तिला म्हणाल्या, "भाषा काय सुंदर आहे हो तुमची!" ती म्हणाली, "ती यांची आहे." मी ते शब्द इतकी वर्षं प्रशस्तिपत्रकासारखे जपले होते. त्यानंतर तिने मराठीत वीस वर्षं एक ओळ लिहिली नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची तिसरी वही आणि माझी पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. खुर्चीचं प्रकरण काढलं. तिने लिहिलं होतं:

'तपासणी: गव्हर्नर खुर्चीत बसला. पट्टे त्यानेच घट्ट करायला सांगितले. पहिली दहा मिनिटं अधीक्षकाशी बोलत होता. नंतर बोलणं बंद. नाकावर माशी बसली, ती हाकलता येईना. तासाने सोडलं. उजवा हात थरथरत होता, म्हणून हुकमावर सही दुसऱ्या दिवशी केली.'

मी ते वाचलं आणि मग माझी चार पानं वाचली. माझ्या पानांत माशी नव्हती. ती मी काढून टाकली होती, कारण प्रसंगाच्या गांभीर्याला ती शोभत नव्हती.

मी मराठी शिकवली आहे. चांगलं गद्य समोर आलं की मला कळतं, तेवढी माझी विद्या आहे. ते इतके महिने माझ्यासमोर होतं आणि मला कळू द्यायचं नव्हतं. गव्हर्नरबद्दलचा माझा मत्सर त्या सकाळी संपला. तो बिचारा खुर्चीत बांधलेला होता. आता मला तिचा मत्सर वाटत होता, उघडपणे, आणि तो जास्त दुखत होता, कारण तिच्याशी त्यावरून भांडायला ती नव्हती.

तरी मी लगेच काही केलं असं नाही. दोन आठवडे गेले. मी फिरायला जायचो, परत यायचो, फाइल हलवून दुसरीकडे ठेवायचो. स्वतःला सांगायचो, की प्रकरणं तिची तशीच ठेवू, पण शेवटची अकरा पानं माझी राहू देत. ती वाईट नव्हती. खरं सांगायचं तर मी आयुष्यात लिहिलेली ती सर्वांत चांगली पानं होती. आणि शेवट तर लागतोच. तिच्या सातव्या वहीत शेवटचं प्रकरण एवढंच होतं: 'तक्रार: निवडणूक हरला. झोप नाही. जेवण बरं. पूर्वेतिहास: वर पाहा. तपासणी:' आणि पुढे कोरं. अशा जागी पुस्तक सोडतात का?

मग एक दिवस मी सातही वह्या घेऊन माझ्या जुन्या लायब्ररीत गेलो आणि मशीनपाशी उभं राहून एकेका पानाची झेरॉक्स काढली. त्याला दोन सकाळी लागल्या. पान काचेवर ठेवायचं, झाकण दाबायचं, पुढचं उलटायचं. तिची खोडाखोडही तशीच उमटत होती. एका ठिकाणी तिने 'महान' लिहून खोडलं होतं आणि वर काहीच लिहिलं नव्हतं.

प्रकाशकांना फोन केला तो गुरुवारी, दुपारी बाराच्या सुमाराला. पुण्यात संध्याकाळ होत आली असेल.

"बाईंच्या वह्यांची प्रत पाठवतो आहे," मी म्हणालो. "जशी आहे तशी छापा. मथळ्यांसकट."

"म्हणजे तुमचा हात फिरवून झाला?"

"फिरवला होता. तो काढून टाकला."

"सर, तुमची मागची पत्रं मी वाचली आहेत. तुम्ही इतके कष्ट घेतलेत. बरं, मधलं राहू दे तसं. शेवट तुमचा घेऊ. निदान वाचकाला माणसाचं पुढे काय झालं ते तर कळायला हवं?"

हाच प्रश्न मी दोन आठवडे स्वतःला विचारत होतो, आणि आता तो दुसऱ्या कोणी इतक्या सभ्यपणे विचारला, की हो म्हणणं अगदी सोपं झालं होतं. अकरा पानं माझ्या समोरच होती.

"तळाशी दोन ओळी टाका," मी म्हणालो. "निवडणूक हरल्यावर गावी परतले, वकिली केली, तिथेच वारले. लेखिकेचं लेखन इथे थांबलं आहे, असं लिहा."

"त्या ओळी तुमच्या नावाने देऊ?"

"नको. प्रकाशक म्हणून तुम्हीच द्या."

"पण सर, मग या पुस्तकात तुम्ही कुठेच दिसणार नाही."

"ते पुस्तक माझं नाही," मी म्हणालो. वाक्य बरोबर होतं, आवाज मात्र बरोबर लागला नाही.

त्यांनी ठीक आहे म्हटलं, पार्सल मिळालं की कळवतो म्हटलं, आणि प्रकृतीची चौकशी करून फोन ठेवला. मी फोनपाशीच बसून राहिलो. त्यांनी पुन्हा फोन करावा आणि थोडा आग्रह करावा, असं मला वाटत होतं. एकदा आग्रह केला असता तर मी काय उत्तर दिलं असतं, ते मी इथे लिहू शकत नाही, कारण मला ते माहीत नाही. तीन वाजून गेले. फोन आला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातलं पोस्टाचं काउंटर साडेपाचला बंद होतं, म्हणून मी उठलो, झेरॉक्सचे गठ्ठे वहीच्या क्रमाने लावले, पहिल्या पानावर फक्त तिचं नाव आहे ना ते पाहिलं, आणि पार्सल बांधायला घेतलं.